सासूबाईंचं शहर उघडायला अकरा मिनिटं

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर सासूबाईंनी जावयाला पहिल्यांदा एक काम सांगितलं. ते ऐकून जावयाच्या हातातला कप बशीवर नीट बसेना.

"जावईबापू, माझ्या कॉम्प्युटरचं काहीतरी बघा हो. शहर उघडायला अकरा मिनिटं लागतात."

आता हे शहर म्हणजे काय, ते सांगायला हवं. सासूबाई एका बस डेपोत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होत्या. डेपोतली एकही गाडी त्यांच्या शिट्टीशिवाय हलत नसे, आणि त्यांची शिट्टी वाजली की लोक आपापली घड्याळं लावून घेत. त्यांना सगळे घड्याळबाईच म्हणत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा आता बाई विणकाम करतील, पापड लाटतील असं लोकांना वाटलं. बाईंनी पहिल्या महिन्यात दणकट गेमिंग कॉम्प्युटर घेतला आणि शहर वसवायच्या एका खेळात स्वतःचं शहर वसवायला घेतलं. त्याला नऊ वर्षं झाली. आज त्या शहरात सहा लाख माणसं, चौदा उड्डाणपूल आणि दोनशे बारा बसमार्ग आहेत. प्रत्येक बसला डेपोतल्या एकेका जुन्या सहकाऱ्याचं नाव आहे, आणि नऊ वर्षांत एकही बस उशिरा सुटलेली नाही.

जावयाला याचा काय अभिमान! ऑफिसात लोक एकमेकांना पोराबाळांचे फोटो दाखवतात, हा मोबाइल काढून सासूबाईंचे उड्डाणपूल दाखवायचा. "हा बघा, तीन पदरी. एका दुपारी बांधला त्यांनी," असं म्हणताना त्याचा ऊर भरून यायचा. पण एकाच घरात राहूनही सासूबाईंच्या लेखी तो जावई म्हणजे पाहुणा. ताट उचलायला उठला की, "राहू द्या, जावईबापू." दिवा बदलायला स्टुलावर चढला की, "उतरा हो, वरच्या मजल्यावरच्यांना बोलावते मी." वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ते स्टुलावर चढायचे आणि हा खाली सोफ्यावर मान मिळवत बसायचा. सहा वर्षं असा मान मिळाला की माणसाला कळतं, मान म्हणजे दूर ठेवण्याची एक सभ्य रीत आहे.

म्हणून तो कप वाजला.

"बघतो ना, आई! आत्ता बघतो!"

"आई, याला कशाला सांगतेस?" बायको आतून म्हणाली. "यानं मिक्सर उघडला होता, आठवतंय ना? अजून पिशवीत आहे तो."

"मिक्सर वेगळा," जावई म्हणाला.

"येत्या रविवारी अकरा वाजता डेपोतली माणसं येणार आहेत शहर बघायला," सासूबाई म्हणाल्या. "आठजण आहेत. अर्ध्या मिनिटाच्या उशिरासाठी मी मेमो दिलेत त्यांना. आता तेच लोक माझ्यासमोर खुर्च्या टाकून अकरा मिनिटं बसणार. पडद्यावर ती गोल गोल चकती फिरणार. आणि आमचा चेकर काही न बोलता मनगटावरच्या घड्याळाकडे बघणार. मला नाही चालायचं ते."

जावई इस्पितळाच्या औषध भांडारात भांडारपाल होता. साठवण हा त्याचा प्रांत. त्यानं कॉम्प्युटरची पेटी उघडून पाहिली, दोन रात्री विचार केला आणि मग तत्त्व मांडलं.

"आई, रोज लागणारं औषध दाराजवळ ठेवायचं, वर्षातून एकदा लागणारं मागच्या फळीवर. तुमच्याकडे उलटं झालंय. एक छोटी वेगवान डिस्क आहे, तिच्यावर कॉम्प्युटरचा स्वतःचा कारभार चालतो. तो तिथंच राहू दे. पण शहर आहे ते जुन्या फिरत्या डिस्कवर. म्हणजे मागच्या फळीवर. आपण एक नवीन, न फिरणारी, चपटी एसएसडी घेऊ. शहर तिच्यावर आणू. आणि जुनी डिस्क गोदाम म्हणून राहील."

"हे बरोबर बोललात," सासूबाई म्हणाल्या.

एवढ्या तीन शब्दांवर जावई बुधवारी त्यांना घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात तरंगतच गेला.

दुकानदारानं काउंटरवर पहिलीच पेटी ठेवली ती रंगीत दिव्यांची. "गेमिंगसाठी डोळे झाकून हीच घ्या. सेकंदाला सात हजार एमबी!"

"कुठल्या रस्त्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"अं?"

"मोकळ्या सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी शंभरनं धावते हो. माझ्या शहरात बारीक बारीक लाखभर गोष्टी आहेत. दर वीतभर अंतरावर थांबा आहे असं समजा. थांबत थांबत ही किती धावते?"

दुकानदारानं दिव्यांच्या पेटीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि सावरून बसला. "मॅडम, छोट्या छोट्या फायलींना या सगळ्याच जवळपास सारख्या. ही महागडी तिथं फार पुढे नाही जात."

"बरं. आणि दुसऱ्या फेरीला तापून दमते का?"

"म्हणजे?"

"काही गाड्या सकाळची पहिली फेरी झोकात करतात आणि दुपारी घाटात धापा टाकतात. तशी एखादी माझ्या गळ्यात मारू नका."

दुकानदारानं दिव्यांची पेटी मुकाट्यानं उचलून मागे ठेवली. खालच्या कप्प्यातून एक साधी, बिनदिव्याची पेटी काढली आणि ती दोन्ही हातांनी पुढे केली. "ही घ्या. हिच्यावर स्वतःची थोडी मेमरी आहे, मोठं काम असलं तरी दम टिकतो. वर पातळ पत्रा बसवा, तापणार नाही. दिसायला काही नाही हिच्यात."

"कॉम्प्युटरच्या आत कोण बघायला बसलंय? शहर किती वेळात उघडेल?"

"जुन्या फिरत्या डिस्कवर अकरा मिनिटं लागत असतील तर... एका मिनिटाच्या आत. दोन-तीन सेकंदांत म्हणणार नाही, खोटं होईल. बाकीचं काम प्रोसेसरचं आहे."

"खोटं बोलला नाहीत, बरं वाटलं," सासूबाई म्हणाल्या. दुकानदारानं त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली होती, हे जावयाच्या तेव्हा लक्षात आलं. निघताना तो जावयाला बाजूला घेऊन म्हणाला, "पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बाई दुकानात बसायला येतील का, विचारून बघा ना."

गुरुवारी चार वाजता सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे निघाल्या. जाताना त्यांनी कॉम्प्युटरच्या कागदांची फाइल जावयासमोर ठेवली. "यात मदरबोर्डची पुस्तिका आहे. आधी वाचून घ्या."

"आई, त्यात काय वाचायचंय! एक खाच रिकामी आहे, तिथं ती पट्टी सरकवायची आणि एक स्क्रू. झालं!"

सासूबाई चपला घालून निघाल्या. औषधाच्या प्रत्येक बाटलीवरचं बारीक अक्षर वाचूनच ती फळीवर ठेवणारा हा माणूस! पण घरी आला की याला वाटायचं, पुस्तिका बायकामाणसांसाठी आणि घाबरटांसाठी असतात.

ती रिकामी खाच दोन नंबरची होती. पट्टी सरकली. स्क्रू मोहरीएवढा होता, तो पडला. तो शोधताना जावयानं दातांत टॉर्च धरला, पंख्याच्या मागे हात घातला, आणि कोपर जुन्या डिस्कवर आपटलं. 'कट्' असा आवाज आला. स्क्रू मिळाला. त्यानं सगळं बंद केलं, कॉम्प्युटर चालू केला, आणि पाहिलं तर नवी डिस्क अगदी दिमाखात हजर! जुनी मात्र गायब. ती मेल्यासारखीही दिसत नव्हती. या कॉम्प्युटरला अशी डिस्क कधी नव्हतीच, असं सगळं चित्र होतं.

सहा लाख माणसं, चौदा पूल, दोनशे बारा मार्ग.

त्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. केबल काढून पुन्हा खोचली. ती पाचव्या क्रमांकाच्या खोबणीत होती, ती शेजारच्या सहाव्या खोबणीत घालून पाहिली. काही नाही. एवढ्यात दार वाजलं आणि जावयानं जे हाताला लागलं ते, म्हणजे पलंगावरची चादर, ओढून कॉम्प्युटरवर टाकली.

"झालं का?" सासूबाईंनी विचारलं. भूल दिलेली असल्यामुळे त्यांचा एक गाल सुजल्यासारखा दिसत होता.

"कॉपी चाललीय, आई. मोठं शहर आहे ना."

"चादर कशाला?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"कॉपीला धूळ लागते?"

"लागली तर काय घ्या!"

सासूबाईंनी चादरीकडे जरा वेळ पाहिलं, घड्याळात पाहिलं आणि त्या आत गेल्या. एक थाप मारली की तिच्या पोटापाण्यासाठी दुसऱ्या दहा माराव्या लागतात. जावयाचं तेच सुरू झालं.

त्यानं गच्चीत जाऊन दुकानदाराला फोन लावला. "अहो, माझा एक मित्र आहे. त्यानं नवी डिस्क बसवली आणि जुनी दिसेनाशी झाली. मधे 'कट्' असा आवाज आला."

"कट् की खट्?"

"कट्."

"कट् म्हणजे अवघड आहे. मित्राला म्हणावं, डिस्कमधला डेटा काढणारे लोक असतात, त्यांच्याकडे न्या." दुकानदार थांबला. "मित्राच्या सासूबाई पण शहर चालवतात का हो?"

जावयानं फोन बंद केला.

शुक्रवारी तो जुनी डिस्क हातरुमालात गुंडाळून, दोन्ही हातांत धरून, डेटा काढणाऱ्याकडे गेला. तिथं त्या माणसानं ती एका यंत्राला जोडली, दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. घरच्यांना बोलावून घ्या, असं तो म्हणणार याची जावयाला खात्रीच होती.

"ही ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुम्हीच जरा दमलेले दिसता. पाणी देऊ का?"

"दिसतंय सगळं? शहर दिसतंय?"

"हे बघा ना. सगळंच आहे."

जावयाला त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि तो पडलाही. मग तो जवळजवळ पळतच घरी आला, डिस्क जोडली, कॉम्प्युटर लावला. डिस्क गायब! ताप घरी असतो आणि डॉक्टरकडे गेलं की उतरतो, तसा हा प्रकार. तिकडे जिवंत, इकडे नाही. जावयाला आता डिस्कपेक्षा स्वतःचीच शंका यायला लागली.

"अजून कॉपी?" सासूबाईंनी जेवताना विचारलं.

"नव्वद टक्के झालीय, आई."

"काल पंच्याऐंशी म्हणाला होतात."

"शेवटचे टक्के जड असतात."

बायको ताटात तोंड घालून हसत होती. नंतर तिनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, सांगून टाक ना आईला. खाणार आहे का ती तुला?"

"खाल्लं तर परवडलं गं," जावई म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच पडला होता. "त्या म्हणतील, 'राहू द्या, जावईबापू.' आणि आयुष्यभर मला पुन्हा काही सांगणार नाहीत. नऊ वर्षांचं शहर माझ्या हवाली केलं होतं गं त्यांनी. मिक्सर नव्हता तो."

यावर बायको हसली नाही. तिनं त्याच्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि त्याला पाणी दिलं.

शनिवारी जावयानं नवी केबल आणली, ती लावली. मग वीजपुरवठ्याची वायर बदलली. डिस्क आडवी ठेवून पाहिली, उभी ठेवून पाहिली. ती पाचव्या खोबणीतून सहाव्यात आणि सहाव्यातून पाचव्यात इतक्या वेळा गेली की तिला घर बदलायची सवय झाली असती. संध्याकाळी सहाला दहा कमी असताना तो चादरीशेजारी जमिनीवर बसला होता. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आई," जावई उठायचं विसरून म्हणाला, "कॉपी नव्वद टक्के नाही झालेली. एक टक्काही नाही. गुरुवारी मी डिस्कवर कोपर मारलं. ती दुसरीकडे दिसते, इथं दिसत नाही. मी तीन दिवस थापा मारल्या. मला माफ करा. उद्याच्या पाहुण्यांना मी स्वतः सांगतो की माझी चूक आहे."

"मला गुरुवारी पाच चाळीसलाच कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"कसं?"

"कॉपी चालली की ही जुनी डिस्क कुरकुरते. नऊ वर्षं ऐकतेय मी. गुरुवारपासून या घरात फक्त तुम्ही कुरकुरताय."

"मग बोलला का नाहीत?"

"डेपोत गाडी ठोकून आणलेल्या ड्रायव्हरला मी तीन दिवस द्यायची. स्वतः येऊन सांगितलं तर पुन्हा गाडी हातात. नाही सांगितलं तर नाही. तुमची मुदत आज सहाला संपत होती." त्यांनी मनगट वळवलं. "दहा मिनिटं राखून आलात. पुस्तिका द्या ती."

त्यांनी चष्मा लावला, पुस्तिका मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. इंग्रजी बारीक, आकृत्या त्याहून बारीक. जावई म्हणाला, "आई, मी शेवटची पानं बघू का?" तर नुसतं बोट वर झालं. बायको येऊन दारात टेकली. चौदाव्या पानावर, तक्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांतल्या तळटीपेवर बोट थांबलं.

"हे घ्या. दुसऱ्या खाचेत डिस्क बसवली की पाच आणि सहा नंबरची जोडणी बंद होते."

"बंद? का?"

"अहो, रस्ता एकच आहे, त्याला फाटे तेवढे तीन दाखवलेत. या नव्या गाडीला दुसऱ्या खाचेत घेतलंत, की पाच-सहा फलाटांची वाट अडली. तुमची जुनी गाडी तिथं दोन दिवस हॉर्न वाजवत उभी आहे, आणि तुम्ही तिची चाकं बदलताय." त्यांनी पान उलटलं. "एक ते चार मोकळे आहेत. तीनला लावा."

जावई त्यांच्याकडे बघतच राहिला. या बाईंनी आयुष्यात कधी कॉम्प्युटरची पेटी उघडली नव्हती. पण रस्ता कुठं अडतो हे त्यांना बसल्या जागी दिसत होतं, मग तो डांबराचा असो की तांब्याचा. शेवटी केबल त्यांनी स्वतःच तिसऱ्या खोबणीत लावली, आणि लावायला वाकल्या तेव्हा त्यांचे डोळे जागरणानं लाल दिसले. दोन रात्री त्याही झोपलेल्या नव्हत्या, हे जावयाला तेव्हा कळलं आणि त्याला फार फार वाईट वाटलं.

कॉम्प्युटर चालू झाला. पडद्यावर तीन डिस्क दिसल्या. पेटीच्या आतून ओळखीची कुरकुर ऐकू आली.

"आली," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "करा आता कॉपी. खरीखुरी. आणि ती चादर पलंगावर घाला."

रविवारी अकराला पाच कमी असताना आठही माणसं खुर्च्यांवर होती. ड्रायव्हर, कंडक्टर, हेड मेकॅनिक, आणि सगळ्यांत पुढे चेकर, मनगट मांडीवर उताणं ठेवून. ठीक अकराला सासूबाईंनी बटण दाबलं. एकाहत्तराव्या सेकंदाला नाही, साठाव्याला नाही, अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला शहर उघडलं. उजाडत होतं तिथं. डेपोचं फाटक उघडलं आणि ओळीनं गाड्या बाहेर पडू लागल्या.

"अरे, ही माझी!" एक म्हातारा ड्रायव्हर खुर्चीतून उठला. डोळे अधू झाले म्हणून त्याला मुदतीआधी चार वर्षं गाडी सोडावी लागली होती. तो पडद्याला नाक लावून उभा राहिला. "पुलावर चढली बघा! बाई, वेळेवर आहे का हो मी?"

"नऊ वर्षांत एकदाही चुकला नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

तो नुसता मान हलवत राहिला. मागे कंडक्टरबाईंनी डोळे पुसले. चेकरनं मनगट उलटं केलं आणि घड्याळ झाकलं, आणि त्याच्याकडून याहून मोठी सलामी आजवर कुणाला मिळालेली नव्हती. जावई भिंतीशी उभा होता. असं कौतुक त्याला कधी कुणाचं वाटलं नव्हतं.

"माझ्या मशीनवर साधा पत्त्यांचा डाव उघडेपर्यंत चहा पिऊन होतो," हेड मेकॅनिक म्हणाला. "हे कुणी करून दिलं तुम्हाला?"

जावयानं डोळे मिटले. सासूबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आमच्या जावयानं. पुस्तिका वाचून, एकट्यानं."

"अरे वा! माझंही बघतील?"

"आणि माझं?"

"आमच्या नातीचं तर उघडतच नाही हो!"

जावई काही बोलायच्या आत सासूबाईंनी कागद ओढला, पट्टीनं रेघा मारल्या आणि लिहायला घेतलं. आठ माणसं, आठ रविवार, नाव, पत्ता, पोचायची वेळ. जावई हळूच त्यांच्या खांद्याशी वाकला. "आई, अहो, मला त्या पुस्तिकेतलं एक अक्षर..."

"पुढच्या रविवारला सात दिवस आहेत. वाच," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद त्याच्या हातात ठेवला. "पहिली ड्यूटी हेड मेकॅनिककडे, आठ वाजता. आठ म्हणजे आठ."

बायको दारातून बघत होती. आठ रविवार गेले म्हणून हा आता रडकुंडीला येणार, असं तिला वाटलं. त्याचे डोळे भरून आले होते खरे, पण तो कागदाच्या अगदी तळाशी बघत होता. तिथं नवव्या रविवारपुढे सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'साप्ताहिक सुट्टी'.

"अगं, हे बघ," तो तिला कागद दाखवत म्हणाला, "मला सुट्टी लागली! पाहुण्याला कुठं सुट्टी असते?"